शब्दांची विचारपूस : रिकाम्या तागडीचा काटा

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चौघांनी न ठरवता एकाच इंग्रजी शब्दाभोवती, 'पॉइझ'भोवती (poise), फेर धरला आहे. म्हणून बाकीची पत्रं पुढच्या अंकासाठी बाजूला काढली. अनुस्वारांबद्दल विचारणाऱ्यांनी महिनाभर कळ काढावी. अनुस्वार कुठे पळून जात नाहीत.

प्रश्न : ताई, माझी मुलगी विमानात केबिन क्रू होण्यासाठी अंधेरीला प्रशिक्षण घेते आहे. मागच्या आठवड्यात तिच्या मूल्यमापनाचा कागद घरी आला. त्यावर तिच्या प्रशिक्षक बाईंनी शेरा म्हणून एकच शब्द लिहिलाय : 'पॉइझ्ड'. सासूबाईंनी विचारलं, "म्हणजे काय गं? पॉयझनपैकी काही आहे का?" हे म्हणाले, "शांत." मुलगी म्हणाली, "शांत नाही बाबा, रेडी." शब्दकोश काढला तर त्यात दोन्ही अर्थ. त्यात भर म्हणजे त्याच दिवशी इंग्रजी पेपरात पावसालाही हाच शब्द लावलेला. एकच माणूस एकाच वेळी शांत आणि तयार कसा असेल? आमच्या घरात तयारी म्हटली की आरडाओरडा आलाच. मराठीत याला एक शब्द सांगा.
– एक आई, विलेपार्ले पूर्व

उत्तर : आधी सासूबाईंची शंका मिटवते. पॉयझन हा शब्द लॅटिनमधल्या 'पोटिओ'वरून आला, म्हणजे पेय, घोट. पॉइझचा घोटाशी काही संबंध नाही. त्याचा संबंध वजनाशी आहे, आणि वजनाचा विषय निघाला की मला गप्प बसवत नाही, कारण मी तागड्यांमध्ये वाढले.

भुलेश्वरच्या एका गल्लीत माझ्या वडिलांचं तागड्या दुरुस्त करायचं दुकान होतं. दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. उभं राहिलं की डोकं पायरीला लागायचं. मी अगदी लहान होते तेव्हा शेर, पावशेर, छटाक जाऊन किलो-ग्रॅम येत होते. १ ऑक्टोबर १९५८पासून टप्प्याटप्प्याने नवी वजनं सुरू झाली, तेव्हा ऐंशी तोळ्यांचा शेर म्हणजे ९३३ ग्रॅम हा हिशोब गिऱ्हाइकांना समजावता समजावता बाबांचा घसा बसायचा, असं आई सांगायची. मला आठवतात त्या मात्र तागड्याच. वाण्यांच्या मोठ्या, लोखंडी साखळ्यांच्या. आणि झवेरी बाजार हाकेच्या अंतरावर, त्यामुळे सराफांच्या नाजूक, पितळी, पेटीत झोपवून आणलेल्या.

तागडी म्हणजे दिसायला एक दांडी, दोन पारडी आणि मधोमध उभा काटा. दांडी मधल्या धारेवर टेकलेली असते. खरी गोम आहे ती दांडीचा भार नेमका कुठे एकवटतो यात, म्हणजे शाळेत शिकवतात तो गुरुत्वमध्य. तो धारेच्या वर गेला की तागडी 'उडती'. तिला थारा म्हणून नाही. वाऱ्याची झुळूक आली तरी एका बाजूला कलंडते आणि परत येत नाही. तो फार खाली गेला की तागडी 'सुस्त'. काटा कसा छान सरळ उभा, पण चार सुपाऱ्या टाका, हूं की चूं नाही. उडती आणि सुस्त हे बाबांचे शब्द. उडत्या तागडीच्या दांडीला ते वरून कानस मारत, सुस्त तागडीच्या दांडीला खालून. थोडं घासायचं, टांगून बघायचं, पुन्हा थोडं घासायचं. गुरुत्वमध्य धारेच्या केसभर खाली आला पाहिजे. केसभरच.

काम झालं असं वाटलं की ते तागडी हुकाला टांगत, दोन्ही पारडी रिकामी ठेवत आणि हात पाठीमागे बांधून उभे राहत. आम्हा मुलांना श्वाससुद्धा दुसरीकडे तोंड करून घ्यावा लागे. काटा दोनचारदा इकडेतिकडे डुलायचा आणि थांबायचा. मग ते डबीतून एक गुंज काढत. लाल, काळ्या ठिपक्याची. शहाण्णव गुंजांचा एक तोळा, म्हणजे एक गुंज ग्रॅमच्या आठव्या हिश्शाच्याही आतली. ती ते पारड्यात ठेवत आणि काटा कलायचा. सराफाची तागडी त्या एका गुंजेला कलली नाही तर ती पुन्हा कानशीखाली जायची. कलली तर मग इन्स्पेक्टरच्या शिक्क्यासाठी बाजूला.

गुंज पडण्याच्या क्षणभर आधीचा जो काटा असतो ना, तो 'पॉइझ्ड'. तुमच्या यजमानांनी त्याचं थांबणं पाहिलं आणि शांत म्हटलं. मुलीने त्याचं कलायला टपून असणं पाहिलं आणि रेडी म्हटलं. दोघं एकाच काट्याकडे बघत होते. नुसता शांत असेल तर सुस्त तागडीचा काटा, नुसता तयार असेल तर उडतीचा. तुमच्या घरात लग्नाला निघताना जो आरडाओरडा होतो ती उडती तागडी. आमच्याकडेही तीच होती, दुकान सोडून.

हे मी ओढूनताणून जुळवत नाहीये. शब्दाचा जन्मच तिथला आहे. लॅटिनमध्ये टांगणं आणि तोलणं यांची क्रियापदं सख्खी भावंडं, कारण तोलायचं तर टांगावं लागतं. त्यांच्यापासून फ्रेंचमध्ये वजनाला शब्द आला आणि फ्रेंचमधून इंग्रजीत 'पॉइझ'. आधी अर्थ नुसता वजन, मग सारखं वजन, मग तोल आणि शेवटी माणसाच्या अंगातला तोल. याच घराण्यातले शब्द तुम्ही रोज वापरता : गळ्यातलं पेन्डंट, घड्याळाचा पेन्ड्युलम, कचेरीतलं पेंडिंग, सिनेमातला सस्पेन्स. ही सगळी टांगलेली मंडळी. आणि पेन्शन, कारण एके काळी पैसे मोजून नव्हे, तोलून देत. म्हणजे माझी पेन्शन आणि तुमच्या मुलीचा शेरा एका रक्ताचे. यातलं पेंडिंग तेवढं आमच्या मुंबईने मनापासून दत्तक घेतलं.

आता तुमच्या मुलीचं. माझी भाची याच कामात आहे, तिने सांगितलेलं सांगते. विमान उडताना आणि उतरताना या मुली भिंतीला लागून असलेल्या घडीच्या सीटवर पट्टा आवळून बसतात. आपल्याला वाटतं, चला, बिचाऱ्यांना दोन मिनिटं टेकायला मिळालं. त्या वेळी त्या मनात उजळणी करत असतात : आत्ता काही झालं तर माझा दरवाजा कुठला, तो कसा उघडायचा, बाहेर आग दिसली तर काय करायचं, हुकूम काय द्यायचा, मदतीला कोणत्या प्रवाशाला हाक मारायची. याला 'सायलेंट रिव्ह्यू' म्हणतात. चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही, कारण समोरच्या रांगेतला माणूस त्यांच्या चेहऱ्याकडे बघत असतो. प्रशिक्षक बाईंनी तुमच्या मुलीत हे पाहिलं असणार. इंग्रजी 'काम' (calm) लिहिलं असतं तर नुसती शांत झाली असती, 'अलर्ट' लिहिलं असतं तर नुसती सावध. बाई शब्द तोलून लिहिणाऱ्या दिसतात.

विमान लांबचं वाटत असेल तर खो-खो घ्या. आठ जणी मधल्या पट्टीवर चौकोनांत बसलेल्या, एकीचं तोंड इकडे, तिच्या शेजारणीचं तिकडे, आणि नववी पळणाऱ्या मुलीच्या मागे. मी गिरगावातल्या शाळेत असताना कायम तिसऱ्या चौकोनात बसायचे. बसायचे म्हणजे उकिडवी, पायाच्या बोटांवर भार, बोटांची टोकं जमिनीला लागलेली, मान न वळवता कान मागे. पाठीवर थाप पडून 'खो' कानावर येईपर्यंत उठायचं नाही, उठलं की फाउल. थाप पडल्यावर विचार करत बसलं तर पळणारी कुठच्या कुठे. माझे फाउल इतके व्हायचे की बाई म्हणायच्या, "अगं, तुला खो मिळायच्या आधीच तू निघतेस, आम्ही कशाला बसलोय इथे?" तागडीवाल्याची मुलगी उडती निघाली. माझ्या पुढच्या चौकोनातली मुलगी मात्र कधी चुकली नाही. ती बसलेली असताना तिच्या पोटऱ्या बघितल्या की कळायचं, ही बसलेली नाहीच. पण चेहरा पाहिला तर जणू नळावर पाणी यायची वाट बघतेय.

हे सगळं एका मराठी शब्दात मावतं का? प्रामाणिकपणे सांगते, मला सापडलेला नाही, आणि जे आहेत ते प्रत्येक जण अर्धंच पारडं उचलतात. 'सज्ज' म्हटलं की हत्यारं-अवजारं आली, कंबर कसणं आलं. 'तत्पर' शब्दाला बँकेच्या पाटीचा वास येतो. 'दक्ष' ऐकलं की टाचा जुळवून उभं राहावंसं वाटतं. 'धीरगंभीर' मुलीला लावला तर तिचं वय पन्नाशीच्या पुढे जातं. 'डौल' सुंदर शब्द आहे. मान, खांदे, चाल सगळं त्यात येतं, आणि एखाद्या बाईला इंग्रजीत नुसतं 'पॉइझ्ड' म्हटलेलं असतं तेव्हा पुष्कळदा डौलच म्हणायचा असतो. पण डौलदार माणूस कशाला तरी तयार असेलच असं नाही, गणपतीत नऊवारी नेसून मिरवणाऱ्या मला विचारा. 'स्थितप्रज्ञ' गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला, तो तर सुखदुःखाच्या पलीकडे गेलेला. विमानाचा दरवाजा उघडायला तो नको.

सगळ्यात जवळ जातो तो 'पवित्रा'. लाठी, तलवार, कुस्ती यांत हल्ला करण्याआधी किंवा झेलण्याआधी घ्यायचं उभं राहणं. पाय किती फाकवायचे, भार कुठे, नजर कुठे. अंगाचा तोल आणि पुढची हालचाल, दोन्ही त्यात आहे. पण वर्तमानपत्रांनी त्याची रया घालवली. 'आक्रमक पवित्रा', 'संपाचा पवित्रा' असं छापून छापून आता पवित्रा म्हटलं की कोणीतरी घोषणा देतंय असंच वाटतं. त्यात माझाही हात आहे, चोवीस वर्षं मी तेच छापत होते.

अजून एक गंमत. मी मुलुंड पूर्वेला राहते. सकाळी मिठागरांच्या बाजूने चालायला जाते. तिथे चिखलात तो भुरा बगळा उभा असतो, मान खांद्यात ओढून घेतलेली, एक पाय पाण्यात, जणू कोणी मातीचा करून ठेवलाय. पाणी जरा हललं की मान भाल्यासारखी सुटते. इंग्रजी लिहिणारा त्याच्यासाठी डोळे मिटून 'पॉइझ्ड' लिहील. आणि आपण? आपण त्याच्या उभं राहण्याला 'बकध्यान' म्हटलं, ढोंगी माणसाला 'बगळाभगत' केलं, आणि या भुऱ्या बगळ्याचं तर मराठी नावच 'वंचक'. म्हणजे फसवणारा. बिचारा नाश्त्याची वाट बघतोय. शांतपणे टपून बसणं आपल्याला बहुधा पटतच नाही, त्यात काहीतरी कपट असणार असं वाटतं. 'टपून बसणे', 'दबा धरणे', दोन्ही वाईट कामाचेच. कौतुकाचा शब्द आपल्याकडे का नाही, याचं थोडं उत्तर त्या चिखलात असेल.

सासूबाईंना मात्र एवढंच सांगा : "पोरगी धीराची आहे आणि सावध आहे." दोन शब्द लागले तर लागू देत. एकच हवा म्हणून 'तोलाची' म्हणायला जाल तर त्या 'तोलामोलाची' ऐकतील आणि लगेच स्थळं बघायला लागतील.

प्रश्न : मी शेअर बाजाराच्या इंग्रजी बातम्या मराठीत करतो. रोज किमान दोनदा 'पॉइझ्ड टू' येतं. वरिष्ठ म्हणतात, सरळ 'सज्ज' लिही आणि पुढे चल. पण 'रुपया घसरण्यास सज्ज' हे मला वाचवत नाही. काय लिहू? आणि ऑफिसच्या ई-मेलमध्ये हा शब्द वापरला तर चालेल का?
– एक वाचक, कांदिवली

उत्तर : वाचवत नाही हे वाचून बरं वाटलं. तुमच्या वरिष्ठांच्या वयाची असताना मीही सज्जच लिहीत होते. एका मराठी दैनिकात उपसंपादक होते, नाव राहू द्या. रात्रपाळीला टेलिप्रिंटरवर बातमी आली, चक्रीवादळ किनाऱ्यावर धडकायला 'पॉइझ्ड'. मी मथळा केला : 'वादळ धडकण्यास सज्ज'. मुख्य उपसंपादकांनी लाल पेनाने गोल केला आणि विचारलं, "वादळाने कंबर कसली आहे का?" मी 'धडकण्याच्या बेतात' केलं. ते म्हणाले, "बेत? जेवणाचा?" एव्हाना अख्खं डेस्क हसत होतं. शेवटी त्यांनीच 'वादळ किनाऱ्याच्या तोंडाशी' केलं. मथळ्याच्या मापातही बसलं. घरी जाताना मला राग आला होता, आज मात्र तो मथळा मी शिकवताना सांगते.

नुसत्या 'पॉइझ्ड'मध्ये माणसाची स्तुती असते. त्याच्यापुढे 'टू' आणि क्रियापद आलं की स्तुती गळते आणि राहतं एवढंच : आता होणार, अजून झालेलं नाही. 'टू'ऐवजी 'फॉर' आलं तर पुढे नाम येतं, अर्थ तोच. म्हणून इथे शांतपणा शोधू नका आणि तयारीही शोधू नका. मराठीत हे काम विशेषणाकडे नाही. ते आपण क्रियापदाकडे नाहीतर जागेकडे सोपवतो. निर्देशांक उंबरठ्यावर असतो. भिंत 'आता पडेल की मग पडेल' अशी असते. पोर रडायच्या बेतात असतं, आणि त्याला बेत शोभतो, कारण ते खरंच ठरवून रडतं. माणूस सत्तरीला टेकतो. पाऊस तोंडावर येतो. फौज मात्र खुशाल सज्ज असू दे, तिच्याकडे सज्ज व्हायला सामान आहे. रुपयासाठी 'घसरण्याच्या मार्गावर' किंवा सरळ 'घसरण्याची चिन्हं'. काहीच सुचलं नाही तर 'घसरणार?' असं लिहून प्रश्नचिन्ह टाका. तेही मी पुष्कळ केलंय.

बातमीदारांना हा शब्द इतका प्यारा का, तेही सांगते. तो काही कबूल करत नाही. सेन्सेक्स अमुक आकडा ओलांडायला 'पॉइझ्ड' आहे असं लिहिलं आणि दुपारी तो गडगडला, तरी लिहिणारा खोटा पडत नाही. होता की तयारीत, नाही ओलांडला, त्याला कोण काय करणार. सेन्सेक्सने १००० हा आकडा पहिल्यांदा गाठला २५ जुलै १९९० रोजी. त्याआधी 'हजाराच्या उंबरठ्यावर' हा मथळा आमच्याकडे इतक्यांदा लागला की जुळणीवाला म्हणाला, "ताई, हा उंबरठा तसाच ठेवू का बाजूला? उद्या लागेलच." एक मात्र लक्षात ठेवा : घटना घडून गेल्यावर हा शब्द वापरता येत नाही. गुंज पडली, काटा कलला, संपलं.

इंग्रजी मजकुरात तो कधी कधी अगदी खऱ्याखुऱ्या वस्तूला लागलेला दिसेल : कागदावर पेन, माशावर सुरी, दगडावर छिन्नी. हात वर थांबलेला, खाली यायचा बाकी. इथे 'रोखलेली सुरी', 'सरसावलेली लेखणी' चालते, जरी सरसावणं थोडं पुढचं आहे, त्यात हात निघालेला असतो. दोन गोष्टींच्या मध्ये कोणी 'पॉइझ्ड' असेल तर आपलं 'अधांतरी' वापरायचा मोह आवरा. अधांतरी माणसाचे पाय सुटलेले असतात, याचे टेकलेले असतात.

ई-मेलचं म्हणाल तर बॉसला 'आय ॲम पॉइझ्ड टू अटेंड द मीटिंग' असं कळवू नका. मीटिंगला यायला रेडी पुरतो. 'पॉइझ्ड'ला पुढे काहीतरी मोठं घडावं लागतं, आणि स्वतःबद्दल तर तो सहसा वापरत नाहीत. 'मी बाई फार डौलदार' असं म्हटल्यासारखं होतं.

प्रश्न : माझ्या वर्गातल्या मुली 'पोज' आणि 'पॉइझ' एकच समजतात. शिवाय लिहायचं कसं, पॉइज की पॉइझ? मुलं विचारतात आणि मी वेळ मारून नेते.
– एक शिक्षिका, लालबाग

उत्तर : वेगळे आहेत, आणि मूळही वेगळं. पोज लॅटिनमधल्या थांबण्याच्या शब्दावरून आला, पॉज म्हणतो तोच. पोज दुसऱ्याने बघावं म्हणून घेतात, फोटो निघाला की सोडतात. पॉइझ कोणी बघत नसतानाही असतो. मुलींना दहीहंडीचं सांगा : सगळ्यात वरच्या थरावर पोहोचून मोबाइलकडे बघून हात हलवणाऱ्या गोविंदाची पोज, आणि सगळ्यात खालच्या थरातल्या, मान खाली घालून एकमेकांच्या खांद्यात हात गुंतवलेल्या माणसांचा पॉइझ. त्यांचा कोणी फोटो काढत नाही. लालबागच्या मुलींना याहून जास्त सांगावं लागणार नाही.

लिहिताना पॉइझ. इंग्रजी झेडसाठी आपण झ लिहितो : पिझ्झा, क्विझ, झू. जोर, जाळं यांतला ज कानाला झेडच्या जवळ वाटतो खरा, पण तोच ज आपण जग आणि जीवमध्ये वेगळा उच्चारतो, म्हणून मुलं गोंधळतात. वेळ मारून नेण्यात कमीपणा नाही, मीही नेते. पुढच्या तासाला मात्र उत्तर द्यायचं.

प्रश्न : मी परळला नर्सिंग शिकते. द्रवांच्या धड्यात 'सेंटिपॉइझ' आलं. दाटपणा मोजायचं एकक. आणि ओपीडीतल्या जुन्या वजनकाट्याच्या माहितीपत्रकातही 'पॉइझ' लिहिलंय. म्हणजे रक्ताला आणि काट्यालाही डौल असतो का?
– एक विद्यार्थिनी, परळ

उत्तर : रक्ताचा वेगळा, काट्याचा आपलाच.

धड्यातलं एकक एका माणसाच्या नावावरून आहे. झाँ पॉइझॉय असं काहीसं नाव आपण लिहू, फ्रेंच तोंडात ते 'प्वाझय'च्या जवळपास होतं. १७९७ साली जन्मलेले डॉक्टर, १८६९मध्ये वारले. बारीक नळीतून द्रव कसा वाहतो हे त्यांनी चिकाटीने मोजलं, आणि कशासाठी, तर केसासारख्या रक्तवाहिन्यांतून रक्त कसं जातं ते समजावं म्हणून. नळीची त्रिज्या निम्मी झाली की प्रवाह सोळाव्या हिश्शावर येतो, हे त्यांचंच. सलाइनला जाड सुई का लावतात ते तुम्हाला यावरून कळेल. त्यांच्या नावाचा पुढचा तुकडा तोडून एकक केलं, म्हणून त्याचा उच्चारही जाणकार 'प्वाझ' करतात. वीस अंश सेल्सिअसला पाणी साधारण एक सेंटिपॉइझचं, मध हजारांच्या घरात. तोलाशी, डौलाशी याचं नातं नाही, नुसतं नावात नाव मिसळलंय.

काट्याचं मात्र खरं नातं आहे. तुमच्या ओपीडीत तो उभा काटा असेल ना, ज्याच्या आडव्या दांडीवर दोन वजनं सरकवायची असतात, एक मोठं दहा-दहा किलोच्या खाचांचं आणि एक लहान, बोटाने हळूहळू ढकलायचं? त्या सरकत्या वजनाचंच नाव पॉइझ. शब्दाने सगळीकडे फिरून शेवटी जिथून निघाला तिथेच खोली घेतलेली आहे. बाबा अशा काट्यांना हात लावत नसत, 'दवाखान्याचे काटे माझ्याकडे नकोत, लोक आजारी असतात' म्हणत. पण एक सांगत : पेशंट चढायच्या आधी दोन्ही वजनं शून्यावर आणून दांडी मधोमध थांबते का बघावं, आणि मग तिच्यावर हलकी फुंकर मारावी. हलली पाहिजे.